आधी जागा, मग पेटी



1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. 1 एप्रिल 2018 पासून आंतरराज्य मालवाहतुकीला ई-वे बिल सक्तीचे झाले. 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यालाही ई-इन्व्हॉइस काढावे लागू लागले. करसल्लागारांना पाठ असलेल्या या तारखा आज मला वेगळ्या कारणासाठी हव्या आहेत. हैदराबादच्या बेगम बाजारातून मिरचीच्या गोण्या देगलूरला निघाल्या आणि मालाची किंमत पन्नास हजारांवर गेली, की ई-वे बिलाचा क्रमांक निघाल्याशिवाय टेम्पो हलत नाही. माल काट्यावर चढतो तिथेच बिल निघाले तर वेळ वाचतो. म्हणून पूर्वी पेढीच्या आतल्या खोलीत, मुनीमजींच्या हिशेबाच्या वह्यांजवळ असलेला संगणक गेल्या काही वर्षांत वजनकाट्याशेजारी आला. त्याच्याबरोबर प्रिंटर, यूपीएस, राउटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि या सगळ्यांना पोसणारा एक्स्टेंशन बोर्डही आला. कायद्याने संगणक बाजारात आणला. तो नेमका कुठे ठेवावा हे मात्र कायद्याने सांगितले नाही, विकणाऱ्याने विचारले नाही आणि घेणाऱ्यालाही सुचले नाही. माझे आजचे सगळे म्हणणे या ‘कुठे’भोवती आहे.

बेगम बाजार मुसी नदीच्या उत्तर काठावरचा. दुसरे आसफजाह निजाम अली खान यांच्या बेगमेने ही जमीन व्यापाऱ्यांना दिली आणि त्यावरून नाव पडले, असे सांगतात. मिरची, हळद, धणे, सुका मेवा, कापूर-उदबत्ती, पितळेची आणि स्टीलची भांडी, प्लॅस्टिकचा माल, हे सगळे इथे गल्लीला लागून गल्ली असे मिळते. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे नांदेड, देगलूर, उदगीरकडच्या दुकानदारांना हा बाजार कधी परका वाटला नाही. इथे कारखाने नाहीत, मग धोक्याच्या औद्योगिक जागेची चर्चा इथून कशाला सुरू करायची, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की धोक्याची जागा दारावरच्या पाटीने ठरत नाही, तिथल्या हवेत काय आहे त्याने ठरते. गोणी काट्यावर टेकवली की लाल धूळ उठते, हळद चाळताना पिवळी उठते. मे महिन्यात हैदराबादचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालचा गाळा बाहेरच्यापेक्षा गरम असतो. जुलैत तीच हवा ओलसर होते. अशा जागी दोन वर्षे चाललेल्या सीपीयूचा पत्रा काढला तर पुढच्या जाळीवर लालसर थर दिसतो आणि प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमधल्या फटी बुजलेल्या असतात. मिरचीच्या पुडीत तेलाचा अंश असतो, त्यामुळे ती रस्त्यावरच्या मातीसारखी झटकून जात नाही, धरून बसते. पंखा फिरत असतो, आवाजही येत असतो, पण हवा आत जात नाही.

या दृश्यावर लोकांचा नेहमीचा उपाय म्हणजे झाकण. संगणकाला प्लॅस्टिकचे आवरण घालतात, नाहीतर तो लाकडी कपाटात बसवून दार लावून घेतात. पैसे असले तर पत्र्याची बंद पेटी करून घेतात. हेतू चांगला असतो, पण त्यात अर्धाच प्रश्न पाहिलेला असतो. धोक्याच्या जागी ठेवलेल्या संगणकाबाबत दोन वेगळी कामे करावी लागतात: यंत्राला त्या जागेपासून वाचवायचे आणि त्या जागेला यंत्रापासून वाचवायचे. पहिले काम सगळ्यांना दिसते, कारण बंद पडलेला संगणक डोळ्यांसमोर असतो. दुसरे फारसे कोणाच्या मनात येत नाही. शिवाय ही दोन कामे बऱ्याचदा एकमेकांच्या आड येतात आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला घातक ठरतो. म्हणून माझे म्हणणे आहे की झाकण्याचा विचार दुसरा, जागेचा पहिला. हे यंत्र इथे असायलाच हवे का, हा प्रश्न सोडवल्याशिवाय घेतलेली पेटी कितीही महागाची असली तरी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आधी यंत्राचे काय होते ते पाहू. उष्णतेचा हिशेब सर्वांत सरळ आहे. संगणकाच्या वीजपुरवठ्यात आणि मदरबोर्डवर जे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात त्यांचे तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, हा विद्युत अभियंत्यांचा जुना ठोकताळा. साधे संगणक बहुधा 35 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. बेगम बाजारातला गाळा वर्षातले काही महिने ती मर्यादा दुपारीच ओलांडतो. धुळीचे नुकसान दुहेरी आहे. ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि पावसाळ्यात हवेतला ओलावा शोषून सर्किटवरच्या दोन तारांमध्ये वीज झिरपायला वाट करून देते. उन्हाळ्यात वाचलेला संगणक पहिल्या पावसात बंद पडतो त्यामागे बऱ्याच वेळा हे कारण असते.

वायूंमुळे होणारे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, पण महाराष्ट्रात त्याचे मोठे उदाहरण आहे. आपल्याकडच्या बहुतेक साखर कारखान्यांत उसाचा रस स्वच्छ करण्यासाठी गंधक जाळून तयार केलेला सल्फर डायऑक्साइड वापरतात. हा वायू आणि सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला आणि चांदीला खातात. 1 जुलै 2006 पासून युरोपने विद्युत उपकरणांत शिशाला बंदी केली, त्यानंतर अनेक सर्किट बोर्डांवर चांदीचा पातळ मुलामा येऊ लागला, आणि गंधकाच्या हवेत या बोर्डांवर तांब्याचे सल्फाइड पसरत जाऊन शेजारच्या तारा जोडल्या जाऊ लागल्या. नियंत्रण कक्षातल्या हवेची परीक्षा कशी करावी याचे एक प्रमाण आहे. त्यात तांब्याची स्वच्छ पट्टी महिनाभर खोलीत टांगून ठेवतात आणि तिच्यावर 300 अँगस्ट्रॉमपेक्षा कमी थर चढला तर हवा सौम्य मानतात. हा थर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. एवढ्या थोड्या गंजाची दखल घ्यावी लागते यावरून इलेक्ट्रॉनिक्स किती नाजूक आहे हे कळते. एक तांब्याची पट्टी टांगायला खर्च काहीच नाही, आणि कारखान्यांनी हे गळीत हंगामात करायलाच हवे असे माझे मत आहे.

आता उलट बाजू. धुळीचा स्फोट होतो हे जगाला 1785 पासून माहीत आहे. त्या वर्षी 14 डिसेंबरला इटलीतल्या तुरीन शहरात एका पाववाल्याच्या गोदामात पिठाचा भडका उडाला आणि काउंट मोरोझ्झो यांनी त्याची नोंद लिहून ठेवली. तिथे ठिणगी दिव्याची होती. पीठ, साखर, मसाल्याची पूड, लाकडाचा भुसा हे सगळे बारीक होऊन हवेत तरंगले, बंदिस्त जागा मिळाली आणि ठिणगी किंवा पुरेसा गरम पृष्ठभाग भेटला, की एका क्षणात जळते. हैदराबादजवळ पाशमैलारम इथे 30 जून 2025 रोजी औषधाच्या गोळ्यांत भरायची सेल्युलोजची पूड बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला आणि चाळीसहून जास्त कामगार गेले. लाकडाच्या लगद्यापासून बनणारी ही पांढरी पूड आपण गोळीतून पोटात घेतो, आणि ती ज्वलनशील आहे. खाण्याच्या वस्तूची भीती आपल्याला वाटत नाही, त्यामुळे पेट्रोलजवळ बाळगलेली सावधगिरी हळदीजवळ आपण बाळगत नाही.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला आहे. पोर्ट वेंटवर्थ इथल्या इम्पीरियल शुगर कारखान्यात 7 फेब्रुवारी 2008 रोजी स्फोट होऊन 14 माणसे मेली. सायलोंच्या खालच्या बोगद्यातून साखर वाहणारा पट्टा वर्षानुवर्षे उघडा होता. 2007 साली साखरेत काही पडू नये म्हणून त्या पट्ट्याभोवती स्टीलचे पत्रे ठोकून तो बंद केला. हेतू मालाच्या रक्षणाचा, म्हणजे निर्दोष. पण पूर्वी मोठ्या बोगद्यात विरून जाणारी साखरेची धूळ आता त्या अरुंद पेटीत साठू लागली, तिचे प्रमाण स्फोटाच्या मर्यादेवर गेले, आणि बहुधा एका तापलेल्या बेअरिंगने ती पेटली. पहिल्या धक्क्याने तुळया, पाइप आणि मजल्यांवर साचलेली धूळ उडाली, आणि खरा संहार त्या पुढच्या स्फोटांनी केला. आत काही जाऊ नये एवढेच पाहून बांधलेल्या आवरणाने आत काय कोंडले जाईल हे पाहिले नव्हते. बाजारातल्या संगणकाच्या बंद कपाटाचे प्रमाण कितीतरी लहान आहे, हे मान्य. पण ते बांधण्यामागचा विचार हाच असतो.

धूळ साफ करण्याची आपली रीतही यात येते. संगणक दुरुस्त करणारा येतो, सीपीयू उघडतो आणि हातातल्या ब्लोअरने फुंकर मारतो. लाल ढग उठतो, मालक दोन पावले मागे सरकतो, सगळे शिंकतात. त्याच वेळी शेजारी यूपीएस चालू असतो, त्यातला रिले मधूनच टक् करून बदलतो, आणि ब्लोअरच्या मोटरमधल्या ब्रशांतून ठिणग्या पडत असतात. साचलेल्या धुळीचा थर नुसता पडून असताना जळला तर धुमसतो; तीच धूळ हवेत उडवली की तिच्या प्रत्येक कणाला ऑक्सिजन मिळतो. म्हणजे वर्षातला सर्वांत धोक्याचा क्षण आपण सफाईच्या नावाने स्वतः घडवतो. उघड्या गाळ्यात एका संगणकातली धूळ उडाल्याने इमारत कोसळणार नाही. पण मसाल्याच्या गिरणीत, कांडप यंत्राच्या खोलीत, जिथे तुळईवरही थर आहे, तिथे हीच रीत जीवघेणी आहे. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा प्रमाणांत धुळीचा 0.8 मिलिमीटर थर हा इशारा मानला आहे. बोटाने रेघ ओढता येते एवढाच तो थर. सीपीयू गाळ्याबाहेर नेऊन साफ करावा किंवा धुळीसाठी बनवलेल्या निर्वात सफाई यंत्राने आतली धूळ ओढून घ्यावी; घरचे व्हॅक्यूम क्लीनर चालत नाही, कारण त्यातली मोटरही ठिणग्या पाडते.

इलेक्ट्रॉनिक यंत्र आग लावू शकते, अगदी कमी विजेचे असले तरी, हे ज्ञान आपल्याला कोळशाच्या खाणींनी दिले. वेल्समधल्या सेंगेनिड खाणीत 14 ऑक्टोबर 1913 रोजी स्फोट होऊन 439 कामगार गेले. खाणीत घंटा वाजवून संकेत द्यायची पद्धत होती. दोन उघड्या तारा एकमेकींना टेकवल्या की दूरवरची घंटा वाजे. बॅटरी इतकी कमजोर की तिचा धक्काही लागत नसे. अशा तारांतल्या ठिणगीवर संशय गेला आणि आर. व्ही. व्हीलर आणि न्यूकॅसलचे डब्ल्यू. एम. थॉर्न्टन यांनी प्रयोग करून दाखवले की घंटेच्या वेटोळ्यात साठलेली ऊर्जा तार तुटताना एकदम बाहेर पडते आणि खाणवायू पेटवायला ती पुरते. बॅटरी किती व्होल्टची यावर धोका ठरत नाही, मंडलात किती ऊर्जा साठू शकते यावर ठरतो. या शोधातून एक संपूर्ण पद्धत निघाली. स्फोटक हवेत जाणाऱ्या तारेतून, ती तुटली, जळाली, टेकली, काहीही झाले तरी, पेटवण्याइतकी ऊर्जा जाऊच नये अशी रचना करायची. आज रिफायनरीतला दाबमापक याच तत्त्वावर 24 व्होल्टच्या तारेने जोडलेला असतो, आणि ऊर्जेला लगाम घालणारा बॅरिअर नियंत्रण कक्षात, सुरक्षित बाजूला बसवलेला असतो.

या तत्त्वात धोक्याच्या जागी फक्त संवेदक जातो. विचार करणारे, गरम होणारे, ठिणगी पाडू शकणारे यंत्र बाहेर राहते. आणखी दोन पद्धती ते आत नेतात, पण किती अटींवर नेतात ते पाहण्यासारखे आहे. एक पद्धत जाड ओतीव पेटीची. आपल्या कारखान्यांत तिला एफएलपी म्हणतात. ती वायूला आत यायला मज्जाव करत नाही. आत स्फोट होईल असे गृहीत धरूनच ती बनवलेली असते. पेटी फुटत नाही, आणि झाकणाच्या घासून सपाट केलेल्या सांध्यातून बाहेर पडणारी ज्वाळा वाटेत थंड होते. म्हणून तिच्या झाकणाचे आठपैकी दोन बोल्ट बसवायचे राहिले, सांध्यावर कोणी रंग फासला, न वापरलेल्या केबल ग्लँडच्या भोकात चिंधी कोंबली, तर ती पेटी नुसता लोखंडाचा डबा उरते. दुसऱ्या पद्धतीत सुरक्षित जागेतून स्वच्छ हवा आणून पेटीत सतत किंचित जास्त दाबाने भरून ठेवतात. जास्त म्हणजे 25 ते 50 पास्कल, तळहाताला जाणवणारही नाही इतका. दाब पडला की वीज आपोआप तुटते, आणि पुन्हा सुरू करण्याआधी आतली हवा अनेक पट बदलावी लागते. बाजारातल्या साध्या संगणकाचा पंखा याच्या नेमके उलट काम करतो: तो आसपासची घाण हवा ओढून सर्वांत गरम भागावर सोडतो. भारतात अशा उपकरणांना मान्यता देणारी पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना नागपुरात आहे, ही गोष्ट आपल्याच लोकांना पुष्कळदा माहीत नसते. उपकरणावर तिच्या मान्यतेचा शिक्का आहे का हे पाहायला कोणी दिल्लीला जायची गरज नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आयपी 65 असे लिहिलेली पेटी घेतली की काम झाले, असे विक्रेतेही सांगतात. त्यातला सहा म्हणजे आत धूळ शिरत नाही, आणि पाच म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याने नुकसान होत नाही. पेटीची बाहेरची बाजू किती तापेल, आत ठिणगी पडली तर काय होईल, याबद्दल हा आकडा एक अक्षर बोलत नाही. धुळीच्या जागेसाठीचे नियम तापमानावर उभे आहेत: उपकरणाचा पृष्ठभाग धुळीचा ढग ज्या तापमानाला पेटतो त्याच्या दोन तृतीयांशांखाली राहिला पाहिजे, आणि पाच मिलिमीटर थर ज्या तापमानाला धुमसतो त्याच्याही किमान 75 अंश खाली. शिवाय बंद पेटीतली उष्णता जाते कुठे? रंगवलेल्या पत्र्याच्या पेटीतून दर चौरस मीटरला आणि दर अंशाच्या फरकाला साधारण साडेपाच वॅट बाहेर जातात. साठ सेंटिमीटर उंच, तेवढीच रुंद आणि चाळीस खोल अशी पेटी भिंतीला टेकून लावली तर हवेला लागणारी तिची बाजू सुमारे 1.3 चौरस मीटर भरते. आत शंभर वॅटचा संगणक सतत चालू ठेवला तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा सुमारे 14 अंशांनी तापते. बाहेर 42 असताना आत 56. धुळीपासून वाचवलेला संगणक आपण भट्टीत ठेवला. मग कोणी पेटीला पंखा लावतो, पंख्याबरोबर धूळ आत येते, आणि सगळा खर्च वाया जातो.

पहिला आक्षेप असा येईल की दुकान म्हणजे रिफायनरी नव्हे, तिथे स्फोटाची भाषा अवाजवी आहे. स्फोटापुरते मी हे बऱ्याच अंशी मान्य करतो. उघड्या गाळ्यात धुळीचा ढग, बंदिस्त जागा आणि ठिणगी एकत्र येणे सहज घडत नाही. पण आगीचे काय? 13 नोव्हेंबर 2023 रोजी नामपल्लीजवळच्या बाजारघाटात एका राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर साठवलेल्या रसायनांच्या पिंपांनी पेट घेतला आणि त्या दिवशी नऊ जण गेले. 18 मे 2025 रोजी चारमिनारजवळच्या गुलजार हौजला खाली दुकाने आणि वर घर असलेल्या इमारतीत आग लागली, सतरा जण गेले, त्यांत लहान मुले होती. प्राथमिक पाहणीत शॉर्टसर्किट पुढे आले. ही दोन्ही ठिकाणे बेगम बाजारापासून लांब नाहीत. अशा आगींना संगणक लागतोच असे नाही, पण संगणकाबरोबर आलेला विजेचा पसारा पुरतो. दोन प्लगांचा बोर्ड सहा उपकरणांना पुरवतो, सैल सॉकेट तापते, सॉकेटवर धुळीचा थर असतो, त्याला टेकून खोक्यांची थप्पी असते, आणि वरच्या मजल्यावर माणसे झोपलेली असतात. आग धुमसायला लागते तेव्हा गाळा कुलूपबंद असतो, कारण कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, राउटर आणि यूपीएस रात्रीही चालू असतात. जागेला यंत्रापासून वाचवणे म्हणतो ते एवढ्या साध्या अर्थाने. आजवर काही झाले नाही, हे उत्तर इथे चालत नाही. या अटी एकाच वेळी जमून यायला वीस वर्षे लागू शकतात आणि त्यातली एकोणीस वर्षे तो विश्वास खराच वाटतो.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो गंभीर आहे. मान्यताप्राप्त पेटीतला औद्योगिक संगणक साध्याच्या कित्येक पट महाग पडतो. त्यापेक्षा दर दोन वर्षांनी नवा घेणे परवडते, असे व्यापारी म्हणतो, आणि नुसत्या यंत्राच्या किमतीचा हिशेब केला तर त्याचे म्हणणे बरोबर आहे. पण त्या हिशेबात यंत्राबरोबर गेलेल्या उधारीच्या नोंदी नसतात, हंगामाच्या मधोमध बंद पडलेल्या दिवसाचे नुकसान नसते आणि आगीची शक्यता तर नसतेच. तरीही माझा आग्रह महागड्या पेटीचा नाही. जागा बदलणे पेटीपेक्षा स्वस्त आहे. वजनकाट्याचा संवेदक खाली राहू दे, त्याची तार वर जाऊ दे. बिल बनवणारे यंत्र वरच्या मजल्यावर किंवा मागच्या खोलीत जाऊ दे, खाली फक्त पडदा आणि छोटा प्रिंटर. जागाच नसेल तर काचेची छोटी कॅबिन करून तिच्यात गच्चीवरून चाळलेली हवा एका लहान पंख्याने सोडता येते. आतली हवा बाहेरच्या हवेला ढकलते, आणि धूळ फटीतून आत येण्याऐवजी बाहेर राहते. स्प्लिट एसी हे काम करत नाही, तो आतलीच हवा फिरवतो. आणि यंत्र खालीच ठेवावे लागले तर बिनपंख्याचा, पंधरा-वीस वॅटचा संगणक घ्यावा. त्याची उष्णता बंद पेटीलाही सोसते, कारण वरच्या हिशेबाने तो पेटीला दोन-तीन अंशच तापवतो.

बेगम बाजारात चौरस फुटाला सोन्याचा भाव आहे, वरची खोली मालाने भरलेली आहे, असे यावर म्हणता येईल. पण मोठ्या उद्योगांनी जागेचा हा हिशेब चुकवला तेव्हा काय झाले ते नोंदलेले आहे. इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो इथे 1 जून 1974 रोजी सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला, 28 माणसे मेली, आणि त्यातली 18 नियंत्रण कक्षात होती. कक्ष संयंत्राला लागून होता, काचा फुटल्या, छत खाली आले. ज्यांच्या हातात संयंत्र थांबवायची बटणे होती तीच माणसे आधी गेली. त्यानंतर नियंत्रण कक्ष दूर आणि भक्कम बांधण्याचा विचार जगभर रुजला. 11 डिसेंबर 2005 रोजी इंग्लंडमधल्याच बन्सफील्डच्या इंधनसाठ्यात टाकीचा मापक अडकला, जास्त भरल्यावर पुरवठा थांबवणारा स्वतंत्र स्विच चालला नाही, पेट्रोल ओसंडले आणि स्फोट झाला. शेजारीच एका संगणक कंपनीचे मुख्यालय होते. ती इमारत उद्ध्वस्त झाली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या केंब्रिजच्या ॲडनब्रूक्स रुग्णालयाची रुग्णनोंदीची व्यवस्था बंद पडली. रुग्णालयाचा पेट्रोलशी काही संबंध नव्हता. त्याच्या नोंदी कुठल्या इमारतीत ठेवल्या आहेत एवढाच संबंध होता. बेगम बाजारातल्या व्यापाऱ्याने हिशेबाची प्रत रोज दुसऱ्या जागी पाठवावी, हे म्हणूनच बॅकअपच्या जाहिरातीतले वाक्य समजू नये. 28 सप्टेंबर 1908 च्या मुसीच्या पुराने हे काठ धुऊन नेले होते. उस्मान सागर आणि हिमायत सागर ही धरणे त्यानंतर बांधली गेली, पण ऑक्टोबर 2020 च्या पावसात शहर पुन्हा बुडाले. सर्व्हर तळघरात ठेवणाऱ्याने या दोन्ही वर्षांची आठवण ठेवावी.

शेवटचा आक्षेप तरुण व्यापाऱ्यांचा आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येत्या दहा वर्षांचे चित्र त्यात आहे. आता संगणक लागतोच कुठे, ते म्हणतात. सगळे मोबाइलवर होते. खरे आहे. पण मोबाइल म्हणजे लिथियमची बॅटरी, आणि ती गाळ्यातल्या कुठल्याही कोपऱ्यात जाते. इथेनॉलच्या टाक्यांजवळ, पेट्रोलच्या पंपावर, गिरणीच्या आतल्या खोलीत ती माणसाच्या खिशात बसून जाते, म्हणून इंधन कंपन्या फाटकावर मोबाइल काढून ठेवायला लावतात. 12 सप्टेंबर 2022 रोजी सिकंदराबादच्या एका हॉटेलखालच्या विजेच्या दुचाकींच्या दुकानात आग लागली आणि वरच्या खोल्यांतले आठ जण धुराने गेले. दुचाकीची बॅटरी मोबाइलपेक्षा खूप मोठी, पण रसायन तेच. गाळ्यात नोकर चार असतील तर चार मोबाइल रात्री एकाच बोर्डवर लागतात, स्कॅनर आणि बिलाचे हातातले यंत्रही तिथेच लागते, आणि तो बोर्ड बहुधा गोण्यांच्या थप्पीमागे असतो कारण सॉकेट तिथे आहे. व्यापारी संघांनी महापालिकेच्या व्यवसाय परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी आणि अग्निशमन खात्याच्या पाहणीत संगणक, यूपीएस आणि चार्जिंगची जागा हा एक रकाना मागून घ्यावा. त्यात फार लिहायचे नाही: यंत्र मालापासून किती दूर आहे, रात्री कोणता स्विच बंद होतो आणि तो बंद करतो कोण. थप्पीमागचा बोर्ड काढून दाराजवळच्या सिमेंटच्या मोकळ्या भिंतीवर, स्वतःच्या एमसीबीवर घेणे हे एका वायरमनचे अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि ते दिवाळीच्या मालाच्या गोण्या उतरायच्या आत उरकता येते.